कुंभारवाड्यातलं मडकं आणि बोरिवलीचं वारूळ

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही विक्रोळीला राहता, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात. आजोबा वारकरी, दर आषाढीला पायी पंढरपूरला जाणारे. वर्गातला मित्र म्हणतो, देव दिसत नाही, मोजता येत नाही, म्हणजे नाहीच. असेल तर सिद्ध करून दाखव. तुम्ही विचारलंय की तत्त्वज्ञांनी ईश्वर सिद्ध करण्याचे प्रयत्न कसे केले, ते कोणी खोडले, त्यातलं आज काही उभं आहे का, आणि हा सगळा उद्योग पाश्चात्त्यांचाच आहे का.

मी मुंबईतल्या एका कॉलेजात ३१ वर्षं तर्कशास्त्र आणि भारतीय दर्शनं शिकवली. हा प्रश्न वर्गात दरवर्षी यायचा आणि दरवर्षी मला तितकाच महत्त्वाचा वाटायचा. म्हणून उत्तर लांबणार आहे.

शेवटच्या भागापासून सुरुवात करते. हा उद्योग पाश्चात्त्यांचा नाही. मिथिलेच्या उदयनाचार्यांचा ‘लक्षणावली’ हा ग्रंथ शके ९०६ चा, म्हणजे इसवी सन ९८४ चा. त्यांचाच ‘न्यायकुसुमांजली’ अथपासून इतिपर्यंत ईश्वरसिद्धीसाठी लिहिलेला आहे. उदयन लिहीत होते तेव्हा तिकडे बुखाऱ्याजवळ पुढे मोठा तत्त्वज्ञ झालेला इब्न सीना चार-पाच वर्षांचा होता. पुढे त्याने जो युक्तिवाद रचला त्यावर अरब, ज्यू आणि ख्रिस्ती असे तिघेही पोसले गेले. आणि नॉर्मंडीतल्या बेक इथल्या मठात अँसेल्मने आपला प्रसिद्ध युक्तिवाद लिहिला तो १०७७-७८ च्या सुमारास. शंभर वर्षांच्या आत तीन ठिकाणी तीन माणसं एकाच कामाला लागली होती आणि एकमेकांची त्यांना गंधवार्ताही नव्हती. प्लेटो-ॲरिस्टॉटलपर्यंत मागे जाता येतं, आपल्याकडे न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांपर्यंत जाता येतं. पण खरी धार आली ती या शतकात.

आता मुद्द्याकडे. दरवर्षी मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सायन स्टेशनवरून चालत धारावीच्या कुंभारवाड्यात न्यायचे. तिथली कुंभार मंडळी मूळची सौराष्ट्राकडची, पिढ्यान्‌पिढ्या इथलीच झालेली. गल्लीत शिरण्याआधी घरांच्या वर धूर दिसायचा. मी तिथेच थांबवायचे आणि विचारायचे, भट्टी पेटलीय हे कशावरून? धुरावरून. कशाच्या जोरावर? जिथे धूर तिथे आग, हे घरी चुलीपाशी, शेकोटीपाशी शेकडो वेळा पाहिलंय आणि उलट कधी पाहिलेलं नाही, या जोरावर. या ‘जिथे हे, तिथे ते’ला नैयायिक, म्हणजे उदयनांसारखे न्यायदर्शनाचे तत्त्वज्ञ, व्याप्ती म्हणतात. ईश्वराबद्दलच्या वादाचा सगळा इतिहास तुम्ही हा एकच प्रश्न हातात धरून वाचू शकता: व्याप्ती कुठून आणली, आणि ती किती लांब ताणली?

मग चाकापाशी बसायचं. चाक आता बहुतेक ठिकाणी विजेवर फिरतं, पण हात तेच. मातीचा गोळा मधोमध थापला जातो, पाण्यात बुडवलेले अंगठे गोळ्याच्या पोटात जातात, भिंत वर चढते, काठ बोटाच्या चिमटीत दुमडला जातो आणि शेवटी दोऱ्याने बुडातून कापून मडकं अलगद उचललं जातं. एकदा एका मुलीने विचारलं, काका, हे मडकं बाकीच्यांपेक्षा रुंद का? ते म्हणाले, आजची माती ढिली आहे, उंच चढवली तर बसेल. त्यांना मातीची अवस्था ठाऊक होती, काय करायचं ही इच्छा होती आणि हात चालत होता. नैयायिकांची कर्त्याची व्याख्या हुबेहूब हीच आहे: ज्या सामग्रीतून वस्तू घडते तिचं साक्षात ज्ञान, घडवण्याची इच्छा, आणि प्रयत्न. तीन गोष्टी. या व्याख्येत हात नाहीत, शरीर नाही, हे आत्ताच ध्यानात ठेवा. पुढे सगळी लढाई तिथेच होते.

उदयनांचा पहिला आणि सगळ्यात गाजलेला युक्तिवाद असा: पृथ्वी, अंकुर वगैरे गोष्टींना कर्ता आहे; कारण त्या कार्य आहेत; जसं मडकं. ‘कार्य’ म्हणजे आधी नव्हतं आणि मग झालं ते. पृथ्वी कधीतरी झाली हे कशावरून? तर ती अवयवांची बनलेली आहे आणि जे जे जोडलेलं असतं ते कधीतरी जोडलं गेलेलं असतं. इथे ‘काळाची सुरुवात’ लागत नाही, ही खुबी बघा. आपल्याकडे संसार अनादी मानतात, तरी हा युक्तिवाद चालतो. आणि कर्ता एकदा मान्य केलात की व्याख्या आपोआप कामाला लागते. ज्याने परमाणूंतून पृथ्वी जोडली त्याला परमाणूंचं साक्षात ज्ञान हवं. परमाणू आपल्याला दिसत नाहीत. म्हणजे तो आपल्यासारखा नाही, सर्वज्ञ आहे. ‘कोणीतरी आहे’पासून ‘ईश्वर आहे’पर्यंतचं अंतर नैयायिकांनी असं कापलं. न्यायकुसुमांजलीच्या पाचव्या स्तबकातल्या, म्हणजे प्रकरणातल्या, एका श्लोकात असे अनेक हेतू ओवलेले आहेत: कार्य, परमाणूंना मिळणारी पहिली गती, जग धरून ठेवणं, भाषा आणि कलाकौशल्याची परंपरा, वेदांचं प्रामाण्य, अगदी संख्येची कल्पनासुद्धा. सगळे सारख्या ताकदीचे नाहीत. संख्येवरचा युक्तिवाद न्यायवैशेषिकांची पूर्ण मांडणी आधी मान्य केली तरच चालतो. खरं वजन पहिल्याचंच.

आता बोरिवली. त्याच मुलांना पुढच्या आठवड्यात मी राष्ट्रीय उद्यानात न्यायचे. आत, रस्त्यापासून थोडं बाजूला, वाळवीचं कमरेएवढं वारूळ असायचं. लाल माती, वर बुरुजासारखी टोकं, पावसाळ्यानंतर डागडुजी केलेली, ओलसर गडद रंगाची नवी माती कुठे चढली ते स्पष्ट कळायचं. मी विचारायचे, हे माती आहे का? आहे. आकार आहे का? आहे. मडकंही मातीचं आणि आकाराचं. मग हे कुंभाराने केलं का?

हे वारूळ माझं नाही, धर्मकीर्तींचं आहे. सातव्या शतकातला हा बौद्ध आचार्य उदयनांच्या तीनशे वर्षं आधीचा. त्याचं म्हणणं असं: मडकं पाहून कुंभाराचं अनुमान होतं, कबूल. पण का होतं? कारण नेमक्या त्या प्रकारची रचना कुंभार करतो हे आपण पाहिलंय. ओसाड जागी एखादं मोडकं देऊळ दिसलं तर ते कोणी बांधलं हे न बघताही आपण बांधणारा मानतो, कारण देवळासारखी बांधकामं माणसं करतात हे माहीत आहे. डोंगरासारखी गोष्ट कोणी घडवताना आपण एकदाही पाहिलेली नाही. दोन्हींना ‘रचना’ हा एकच शब्द लावला म्हणून व्याप्ती एका जागेवरून दुसरीकडे उडी मारत नाही. नुसतं ‘मातीचं’ एवढ्यावर भागत असेल तर वारूळही कुंभाराने केलं म्हणा.

मला आजही वाटतं की या प्रकारच्या युक्तिवादावर जगात कुठेही झालेली ही सगळ्यात नेमकी टीका आहे. हजार वर्षांनी स्कॉटलंडमध्ये डेव्हिड ह्यूमने हेच लिहिलं, घर आणि विश्व यांच्यातलं साम्य किती पातळ आहे ते दाखवत. त्याचे ‘संवाद’ त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये छापले गेले. धर्मकीर्तीचं नाव त्याला माहीत असणं शक्य नव्हतं.

वारुळापाशी एका वर्षी एक मुलगा पटकन बोलला, “पण मॅडम, वाळवी जिवंत आहे ना? म्हणजे वारुळाला कर्ता आहेच!” मला त्या दिवशी फार आनंद झाला, कारण नैयायिकाने हेच म्हटलं असतं. पण मग पुढे बघा काय होतं. लाखो वाळव्या, प्रत्येकीने चिमूटभर माती लाळेने चिकटवलेली, आणि अख्ख्या वारुळाचा नकाशा एकीच्याही डोक्यात नाही. १९५९ साली पियेर-पॉल ग्रासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे दाखवलं: आधीच्या कामाचा नुसता मागमूसच पुढच्या कामाला चालना देतो, वर कोणी मुकादम नसतो. म्हणजे कर्ते मिळाले, पण अनेक. आणि पूर्णाचं ज्ञान कोणालाच नाही. ईश्वर मानणाऱ्या रामानुजाचार्यांनीच श्रीभाष्यात नैयायिकांना हे ऐकवलंय की मोठी कामं अनेक जण मिळून करतात हे आपण रोज पाहतो, मग अनुमानाने एकच कर्ता कसा मिळेल? ह्यूमनेही तेच: घर असो, जहाज असो, नगर असो, बांधणारे पुष्कळ असतात. नैयायिकाचं उत्तर लाघवाचं आहे, एकाने भागतं तिथे अनेक मानू नयेत. लाघव चांगलं तत्त्व आहे. पण वारुळापुढे उभं राहून ते म्हणून पाहा, मनाला तितकंसं पटत नाही.

ह्यूमचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याच संवादांत तो लिहितो की ब्राह्मण लोक जग एका अनंत कोळ्याच्या पोटातून विणलं गेलं असं मानतात. त्याने ते चेष्टेच्या सुरात लिहिलं. मूळ आहे मुंडकोपनिषदात: ‘यथोर्णनाभिः सृजते गृह्णते च’. कोळी जसा आतूनच धागा काढतो आणि आतच ओढून घेतो. यात एक गंभीर मुद्दा आहे. कुंभाराला माती बाहेरून लागते, कोळ्याला नाही. नैयायिकांचा ईश्वर कुंभारासारखा आहे, परमाणू आधीपासून असतात, तो जोडतो. वेदान्त्यांचं ब्रह्म कोळ्यासारखं, तेच घडवणारं आणि तेच घडणारं. म्हणूनच शंकराचार्य ‘जन्माद्यस्य यतः’ (ज्याच्यापासून या जगाचा जन्म वगैरे होतो ते ब्रह्म) या ब्रह्मसूत्रावर सांगतात की इथे अनुमान मांडलेलं नाही, आणि लगेच पुढचं सूत्र येतं ‘शास्त्रयोनित्वात्’, म्हणजे ते शास्त्रातूनच कळतं. ब्रह्म इंद्रियांचा विषय नाही, तेव्हा ब्रह्म आणि जग यांचा संबंध कोणी पाहिलेला नाही, आणि पाहिल्याशिवाय व्याप्ती नाही. आपल्याकडचा सगळ्यात मोठा अद्वैती आचार्य निव्वळ तर्काने ईश्वर सिद्ध होतो असं म्हणतच नाही. हे तुमच्या मित्राला आणि आजोबांना, दोघांनाही सांगा.

आता शरीराचा मुद्दा. विरोधक म्हणतो, मी पाहिलेल्या प्रत्येक कर्त्याला शरीर होतं. म्हणजे तुमच्या व्याप्तीत छुपी अट आहे. या छुप्या अटीला ‘उपाधी’ म्हणतात आणि त्याचं नेहमीचं उदाहरण ओल्या लाकडांचं: ‘जिथे आग तिथे धूर’ हे खोटं, कारण धुराला लाकूड ओलं असावं लागतं, लालभडक तापलेल्या लोखंडातही आग असते, धूर नसतो. तसंच ‘कार्य म्हणून कर्ता’ नव्हे, ‘शरीराने घडवलेलं कार्य म्हणून कर्ता’. पृथ्वी शरीराने घडवलेली नाही, म्हणून तिला कर्ता नाही.

इथे नैयायिकांनी दिलेलं उत्तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. ते म्हणतात, ‘शरीराने न घडलेलं ते कर्त्याविना’ या व्याप्तीला उदाहरण द्या. विरोधक म्हणतो, आकाश. बरं, आकाश कर्त्याविना का? ते शरीराने घडलेलं नाही म्हणून, की मुळात घडलेलंच नाही म्हणून? घडलेलंच नाही म्हणून. मग ‘शरीराने’ हा शब्द फुकटचा घातलात. तो काढा. उरलं ‘न घडलेलं ते कर्त्याविना’. आणि पृथ्वी तर घडलेली आहे! एक शब्द उपटून काढला आणि विरोधकाचं अनुमान बसलं. चौदाव्या शतकात गंगेशांनी ‘तत्त्वचिंतामणी’त हा सगळा वाद फार सूक्ष्म नेला.

तरीही माझं मत सांगते. विरोधकाचं प्रतिअनुमान पाडलं, म्हणजे स्वतःची व्याप्ती सिद्ध झाली असं नाही. धर्मकीर्तीची शंका अजून तिथेच बसलेली आहे. विक्रमशिलेच्या रत्नकीर्तींनी अकराव्या शतकात नेमकं यावरच बोट ठेवून ‘ईश्वरसाधनदूषण’ लिहिलं.

वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांची टीका वेगळ्या दिशेने येते. कुमारिल भट्ट विचारतात, ईश्वराने जग केलं तर कशासाठी? ‘प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते’, मंदबुद्धीचा माणूसही हेतूशिवाय हात हलवत नाही. करुणेपोटी केलं म्हणाल, तर सृष्टीआधी करुणा करायला कोणी नव्हतंच. आणि करुणेने केलं असतं तर सगळं सुखाचंच केलं असतं. त्यांच्या मते जग असंच चालत आलेलं आहे, ‘न कदाचिदनीदृशं जगत्’. हे म्हणणारा माणूस यज्ञयाग आणि वेद मानणारा कट्टर वैदिक आहे. आपल्याकडे धार्मिक असणं आणि जगत्कर्ता ईश्वर मानणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या हे आपण फार लवकर विसरलो. कर्माच्या फळाचंही असंच. न्यायसूत्रांत ‘ईश्वरः कारणं पुरुषकर्माफल्यदर्शनात्’ असं सूत्र येतं: माणसाचं कर्म कधी कधी निष्फळ जाताना दिसतं, म्हणून ईश्वर हे कारण. त्यावर नैयायिक म्हणतात, कर्म जड आहे, ते आपणहून फळ कसं देईल, वर कोणी चेतन हवा. मीमांसक म्हणतात, अपूर्व नावाची शक्ती पुरेशी आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांटनेही पुढे ईश्वर बुद्धीने सिद्ध होत नाही पण नैतिक जीवनासाठी तो गृहीत धरावा लागतो असं म्हटलं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत.

दृष्टान्तावर उभा न राहणारा एक मार्ग आहे, आणि तो मला सगळ्यात बळकट वाटतो. तो इब्न सीनाचा. समजा चाळीत तुम्ही शेजारच्या काकूंकडे वाटीभर साखर मागायला गेलात. त्या म्हणाल्या, माझ्याकडे नाही, पलीकडून उसनी आणून देते. पलीकडच्याही उसनी आणायला पुढे गेल्या. चाळ कितीही लांब असू दे, खोल्या अनंत असू देत. प्रत्येक घर उसनवारीवरच असेल तर तुमच्या वाटीत साखर येणार कुठून? जगातली प्रत्येक वस्तू अशी आहे की ती असू शकते, नसूही शकते. तिचं असणं दुसऱ्याकडून आलेलं. मग कुठेतरी असं काही हवं ज्याचं असणं उसनं नाही. त्याला तो अवश्य-सत् म्हणतो. इथे मडकं नाही, कुंभार नाही, काळाची सुरुवात नाही.

यापेक्षा इस्लामी विचारवंत गझालींचा (१०५८ ते ११११) मार्ग वेगळा: ज्याला सुरुवात आहे त्याला कारण आहे, जगाला सुरुवात आहे, म्हणून जगाला कारण आहे. महास्फोटाच्या सिद्धान्तामुळे आणि विल्यम लेन क्रेग यांच्या १९७९ च्या पुस्तकामुळे हल्ली हाच जास्त ऐकू येतो. ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस ॲक्विनस (१२२५ ते १२७४) मात्र स्पष्ट म्हणतो की जगाला सुरुवात आहे हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही. ईश्वरसिद्धीच्या त्याच्या पाच मार्गांपैकी पहिले दोन आत्ता या क्षणी चाललेल्या आधाराच्या साखळीबद्दल आहेत, हाताने काठी हलते आणि काठीने दगड हलतो तशा. पुष्कळ जण ॲक्विनसला खोडतात ते या गैरसमजावर. ‘पहिलं कारण कोण’ असं त्याने कालक्रमाने विचारलेलंच नाही.

१९४८ साली बीबीसीवर नास्तिक तत्त्वज्ञ रसेल आणि ख्रिस्ती धर्मगुरू कॉपलस्टन यांचा वाद झाला तो उसनवारीच्याच मार्गावर. रसेल म्हणाले, प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला एक आई आहे असं होत नाही. टोला मार्मिक आहे, पण तो उसनवारीला लागत नाही असं माझं मत आहे. आपण अख्ख्या चाळीची आई शोधत नाही आहोत, वाटीत साखर कशी आली ते विचारतो आहोत. रसेलांचं खरं उत्तर दुसरं होतं: विश्व आहे, बस्स, त्यापुढे कारण मागू नका. प्रामाणिकपणे असं थांबता येतं. कुमारिलही तिथेच थांबले होते. थांबायचं की नाही, याचा निकाल तर्क लावून देत नाही. आणि न थांबता पुढे गेलात तरी हाती येतं ते ‘काहीतरी, ज्याचं असणं उसनं नाही’. ते कमरेवर हात ठेवून विटेवर उभं आहे की नाही, हे त्या युक्तिवादात कुठेच नाही.

अँसेल्मचा युक्तिवाद अगदी निराळ्या जातीचा. ज्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही, तो ईश्वर. तो केवळ मनातच असेल तर मनात आणि प्रत्यक्षातही असलेला त्याहून मोठा ठरेल; म्हणजे तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे. गौनिलो नावाच्या दुसऱ्या मठवासीयाने लगेच विचारलं, मग ज्याहून उत्तम बेट कल्पिता येत नाही असं बेटही कुठेतरी असणारच का? आपण सात बेटांच्या शहरात राहतो. आठवं, सर्वोत्तम बेट मनात आणून समुद्रात उगवत नाही. कांटने १७८१ मध्ये याचं मूळ दाखवलं: कल्पनेतले शंभर थेलर (तेव्हाचं जर्मन नाणं) आणि खरे शंभर थेलर यांच्या वर्णनात एका पैचाही फरक नसतो. ‘असणं’ हा वर्णनातला आणखी एक गुण नाही. न्यायाच्या चौकटीत हा युक्तिवाद उभाच राहिला नसता, कारण तिथे पक्ष, म्हणजे ज्या वस्तूबद्दल अनुमान करायचं ती, आधी दोघांनाही मान्य हवा. नैयायिकाचा पक्ष पृथ्वी असतो, ईश्वर नाही, ही त्यांची फार शहाणी निवड आहे. आपल्याकडे या धाटणीच्या थोडं जवळ जातं ते योगसूत्र: ‘तत्र निरतिशयं सर्वज्ञबीजम्’, ईश्वराच्या ठायी सर्वज्ञतेचं बीज असं आहे की त्याहून वरचढ काही नाही.

तुम्ही इंजिनिअर, म्हणून विसाव्या शतकातला तर्कशास्त्रज्ञ गोडेल याच्याबद्दल सांगते. त्याने १९७० च्या सुमारास अँसेल्मचा युक्तिवाद चिन्हांच्या तर्कशास्त्रात बांधला, तो छापला गेला १९८७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. २०१३ साली बेन्झम्युलर आणि वोल्ट्सेनलोगेल पालेओ यांनी तो संगणकाकडून तपासून घेतला आणि बातम्या आल्या की संगणकाने देव सिद्ध केला. संगणकाने इतकंच सांगितलं की ही गृहीतकं मानलीत तर हा निष्कर्ष येतो. पुढे त्याच कामात गोडेलच्या मूळ टिपणातली गृहीतकं आपसातच विसंगत असल्याचं आढळलं. डेना स्कॉटने केलेली आवृत्ती सुसंगत आहे, पण तिच्यातून ‘जे काही खरं आहे ते सगळं अटळ आहे’ असाही निष्कर्ष निघतो, आणि तो फार थोड्यांना पचेल.

पेलीचं घड्याळ (१८०२; घड्याळ पाहून घड्याळजी मानतो, तसं जीव पाहून कर्ता माना) आणि डार्विन (१८५९) ही गोष्ट तुम्हाला माहीत असणार, म्हणून तिथे रेंगाळत नाही. जिवांच्या रचनेवरून कर्ता शोधण्याचा मार्ग डार्विननंतर पूर्वीसारखा राहिला नाही. भौतिक स्थिरांक जीवसृष्टीला नेमके जुळतात यावरून जो नवा युक्तिवाद मांडतात त्यालाही धर्मकीर्तीचा प्रश्न विचारा: किती विश्वं घडताना पाहिलीत?

मुंबईतही हा वाद उघड्यावर झालेला आहे. १८५७ साली आपल्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी समोरासमोर बसून लोकांच्या गर्दीत वाद घालत होते. दहा वर्षांनी, १८६७ मध्ये, इथेच प्रार्थना समाज निघाला आणि रानड्यांनी ‘एकेश्वरनिष्ठांची कैफियत’ मांडली. जोतीरावांनी ईश्वराला शब्दच वापरला ‘निर्मिक’. त्या एका शब्दात कुंभाराचा युक्तिवाद आहे, फक्त त्यांनी त्यातून काढलेला निष्कर्ष उदयनांच्या मनातही आला नसता: सगळ्यांना घडवणारा एकच, म्हणून मध्ये भट नको आणि माणसामाणसात उच्चनीच नको. आणि न्याय शिकण्याचं पहिलं पुस्तक असलेल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’ची आठल्ये-बोडस यांची आवृत्तीही इथलीच, १८९७ ची, मुंबई संस्कृत मालेतली. माझी प्रत शिवण उसवलेली आहे, पण अजून त्याच प्रतीतून शिकवते.

आता, आज काय उभं आहे? माझ्या मते, समोरच्याला मान्य करणं भागच पडावं अशी सिद्धता एकही नाही. उसनवारीचा युक्तिवाद उभा आहे, पण तो थोडंच देतो. मडक्याचा युक्तिवाद पुष्कळ देतो, पण त्याची व्याप्ती वारुळापाशी अडखळते.

पण तुमच्या मित्राचा युक्तिवाद तर याहून खूपच कच्चा आहे. दिसत नाही म्हणून नाही, हे उदयनांनी तिसऱ्या स्तबकात निकालात काढलंय. टेबलावर मडकं असतं तर दिसलं असतं. दिसत नाही, म्हणून नाही, हे ठीक, कारण मडकं दिसण्याजोगं आहे. जे दिसण्याजोगंच नाही त्याच्या न दिसण्यावरून काहीच ठरत नाही. ते पुढे म्हणतात, न दिसणं म्हणजे नसणं असेल तर घराबाहेर पडलेल्या चार्वाकाने (डोळ्यांना दिसतं तेवढंच मानणाऱ्याने) बायकामुलं नाहीत असं समजून छाती पिटत रडायला हवं. तुमचा मित्र सकाळी घरून निघून लोकलमध्ये चढला की त्याला आई दिसत नाही. मित्राला काही म्हणायचंच असेल तर त्याने कुमारिलांसारखं म्हणावं, धर्मकीर्तीसारखं म्हणावं. ती नास्तिकता अभ्यासाची आहे आणि तिचा मला मनापासून आदर आहे.

आजोबांबद्दल. ज्ञानेश्वरीच्या सुरुवातीच्या गणेशवर्णनात ओवी आहे: ‘तरी तर्कु तोचि फरशु’. तर्क हा गणपतीच्या हातातला परशू. आणि लगेच पुढे, एका हातातला तुटका दात म्हणजे वार्तिकांनी (टीकाग्रंथांनी) खंडलेलं बौद्धमत. ज्या वादाबद्दल मी एवढं लिहिलं तो ज्ञानदेवांनी १२९० साली मराठीत देवाच्या अंगावरच ठेवून दिलेला आहे, खंडनासकट. आजोबांना त्या दोन ओव्या वाचायला सांगा आणि ते काय अर्थ लावतात ते ऐका. तुमच्या मित्रालाही बरोबर न्या.

ही सगळी माणसं सिद्धता कशासाठी लिहीत होती, हेही बघा. अँसेल्मचा ग्रंथ प्रार्थनेच्या रूपात आहे, तो ईश्वराशी बोलत बोलत तर्क करतो. उदयन सुरुवातीलाच सांगतात, ‘न्यायचर्चेयमीशस्य मननव्यपदेशभाक् उपासनैव क्रियते’: ही न्यायचर्चा म्हणजे मनन नावाची उपासनाच आहे. आणि ग्रंथ संपवताना ते विरोधकांसाठी मागणं मागतात. एवढ्या युक्तिवादांच्या पाण्याने धुऊनही ज्यांच्या हृदयात तुला जागा नाही ते दगडाच्या काळजाचे खरे. पण विरोध करता करता का होईना, तेही तुझंच चिंतन अगदी जोराने करत आले आहेत, तेव्हा हे करुणाघना, वेळ येईल तेव्हा त्यांनाही तूच सांभाळ.

वाचायला सुरुवात तर्कसंग्रहाच्या अनुमानखंडापासून करा, तीन-चार पानांचा आहे. मग ह्यूमचे संवाद. न्यायकुसुमांजली एकट्याने उघडू नका, कोणाजवळ तरी बसून वाचा. आणि एखाद्या रविवारी सकाळी कुंभारवाड्यात जा, दिवाळीच्या आधी पणत्यांची गडबड असते तेव्हा नको, एरवी. चाकापाशी अर्धा तास बसायची परवानगी मागा. मला तरी तिथे कोणी कधी नाही म्हटलेलं नाही.